दांडीवाली घ्यावी की बिनदांडीची? गिटारचा ब्रिज निवडताना

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतला एक पोरगा मोबाईलवर दोन गिटारींचे फोटो घेऊन आला. एकीला ट्रेमोलोची, म्हणजे सूर हलवायची दांडी, दुसरीचा ब्रिज बॉडीवर पक्का बसवलेला. "काका, पैसे दोन्हीला तेवढेच. मग दांडीवालीच घेतो की, जास्तच मिळतंय." मी विचारलं, कार्यक्रमात तार तुटली तर हाताशी दुसरी गिटार आहे का? तो हसला. पहिल्या गिटारवरूनच घरात वाजलं होतं, दुसरी कुठली आणणार?

माझ्या मते ब्रिजची निवड तिथूनच सुरू होते. आवाज, दिसणं, आवडता गिटारवादक, हे सगळं नंतर.

ब्रिज म्हणजे सतारीची घोडी. मिरजेच्या सतारी पाहिलेल्याला वेगळं सांगायला नको. फिक्स्ड ब्रिज लाकडात स्क्रूनं आवळलेला असतो, तारा त्याला अडकवलेल्या किंवा बॉडीच्या आरपार ओवलेल्या. तो हलत नाही, विषय संपला. 1950 च्या सुमारास अमेरिकेतल्या गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरनं बाजारात आणलेली टेलिकास्टर गिटारची पहिली रूपं अशीच होती. ट्रेमोलो त्यानंच 1954 मध्ये स्ट्रॅटोकास्टरवर दिला, आणि नाव मात्र चुकीचं दिलं. ट्रेमोलो म्हणजे आवाज लहान-मोठा होणं. दांडीनं हलतो तो सूर, त्याला व्हायब्रॅटो म्हणायला हवं. चुकीचं नाव चिकटलं ते चिकटलंच.

ट्रेमोलोचा ब्रिज तराजूसारखा तोललेला असतो. पुढची कड दोन किंवा सहा स्क्रूंवर टेकलेली, वरून तारा एका बाजूला ओढतात, मागच्या खाचेतल्या स्प्रिंगा दुसऱ्या बाजूला. तारेचा वाजणारा भाग साडेपंचवीस इंच असलेल्या गिटारवर 9 ते 42 चा (सगळ्यात बारीक ते जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) सेट लावला तर सहा तारांचा मिळून ताण साधारण 38 किलो होतो, 10 ते 46 लावला तर 46 किलोच्या आसपास. एवढं वजन तोलून धरलेलं असताना एका बाजूला जरा काही बदललं की सगळा काटा हलतो. ट्रेमोलोचे लाड आणि त्याचा त्रास, दोन्ही इथूनच येतात.

काही वर्षांपूर्वी पन्हाळ्याच्या बाजूला एका गावच्या यात्रेत ऑर्केस्ट्रा होता. माझ्याकडे तेव्हा तरंगता, म्हणजे बॉडीला न टेकता तोललेला फ्लोटिंग ट्रेमोलो. दुसऱ्याच गाण्यात वरची तार तुटली. ताण कमी झाला, स्प्रिंगांनी ब्रिज मागं ओढला आणि उरलेल्या पाचही तारांचा सूर चढला. गाणं संपेपर्यंत कीबोर्डवाल्यानं सांभाळलं, मी नुसता हात हलवत उभा. फिक्स्ड ब्रिज असता तर पाच तारांवर निभावलं असतं.

पट्टीचंही तेच. आपल्याकडं गायक ऐन वेळी म्हणतो, आज घसा बसलाय, अर्धा सूर खाली घ्या. फिक्स्ड ब्रिजवर सहा खुंट्या पिळल्या, दोन मिनिटांत काम झालं. तरंगत्या ट्रेमोलोवर सहावी तार उतरवली की पहिली चढते, पहिली जुळवली की सहावी बिघडते, असे तीन-चार फेरे घालावे लागतात. फ्लॉइड रोझ जातीचा ट्रेमोलो असेल तर आणखी गंमत. त्यात नटजवळच (मानेच्या टोकाला तारा टेकतात तो खाचांचा तुकडा) तारा कुलूपबंद असतात आणि ब्रिजवरचे बारीक ट्यूनर थोडाच सूर हलवतात. आधी ॲलन की, म्हणजे षटकोनी चावी शोधा, कुलूप सोडा, मग पुढचं. ती ॲलन की नेमकी घरी राहिलेली असते, हा माझा अनुभव.

तारांची जाडी बदलली तरी मागचं झाकण काढून स्प्रिंगांचा ताण पुन्हा बसवावा लागतो. एक तार ओढून बेंड घेताना शेजारची तार वाजत ठेवली तर ती उतरते. तळहात ब्रिजवर टेकवून दाबून वाजवायची सवय असेल तर सूर चढतो. डिस्टॉर्शन (आवाज फाडणारा इफेक्ट) लावून खालच्या तारांवर हाणणाऱ्या मंडळींनी हे दुकानातच तपासावं.

मग दांडी घ्यायचीच कशाला?

मींडेसाठी, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यासाठी. थोर गायक अल्लादिया खाँसाहेब राहिले त्या आमच्या कोल्हापुरात हे जास्त समजावून सांगावं लागू नये. बोटानं तार ओढली की सूर फक्त वर जातो. खाली यायचं असेल तर आधी ओढून ठेवून मग सोडावं लागतं, आणि मोकळ्या तारेच्या खाली तर बोट नेऊच शकत नाही. दांडीनं सूर खाली ढळतो, हलकेच परत येतो. तरंगता ब्रिज असेल तर थोडा वरही जातो. इंग्लिश गिटारवादक जेफ बेक बोटांनी तार छेडून दांडी हातातच ठेवायचा, गिटार गळ्यासारखी बोलायची. मराठी भावगीताची ओळ किंवा जुन्या हिंदी गाण्याचा पीस वाजवताना शेवटच्या स्वरावर दांडीचा बारीक कंप दिला की फिक्स्ड ब्रिजवर तेवढं कधी जमत नाही. बोटाचा कंप वेगळा, तोही सुंदर, पण तो वेगळा. कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांवर, मात्र जपून. दांडी दाबली की सगळ्या तारा सारख्या प्रमाणात उतरत नाहीत, त्यामुळं जरा जास्त दाबली तरी कॉर्ड विस्कटतो.

आवाजाच्या फरकावर लोक तासन् तास भांडतात. फिक्स्ड ब्रिजवर स्वर जास्त टिकतो, ट्रेमोलोच्या स्प्रिंगा बारीक गुंजतात, असं म्हणतात आणि थोडं खरंही आहे. पण मांडवातल्या स्पीकरमधून हा फरक मला आजवर ऐकू आलेला नाही. पिकअप (तारांचा कंप पकडणारा भाग) आणि अँप याहून कितीतरी मोठी गोष्ट.

दांडी मारली की ट्यूनिंग जातं, ही तक्रार मात्र निम्मीच खरी. दोष बहुतेक वेळा ब्रिजचा नसतो, नटच्या खाचेचा असतो. तार खाचेत घासत पुढं जाते आणि परत येताना अडकते. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासलं, खुंटीवर दोन-तीनच वेढे ठेवले, तर स्ट्रॅटोकास्टरचा साधा ट्रेमोलोसुद्धा हलक्या वापराला सुरात राहतो.

एक मधला रस्ता आहे, त्या पोराला मी तोच सांगितला. सहा किंवा दोन स्क्रूंचा साधा ट्रेमोलो घ्यायचा, मागच्या खाचेत स्प्रिंगा चार-पाच करायच्या, स्प्रिंगा अडकवलेल्या पंजाचे दोन स्क्रू आवळायचे आणि ब्रिज बॉडीवर टेकवून टाकायचा. सूर फक्त खाली जाईल, वर नाही. पण तार तुटली तरी बाकीच्या जागेवर राहतात आणि पट्टी बदलणंही सोपं. दांडीचा कंटाळा आलाच तर खाचेत लाकडाचा तुकडा ठोकून ती कायमची बंद करता येते. गिटारवादक एरिक क्लॅप्टननं आपल्या स्ट्रॅटोकास्टरवर हेच केलं. उलट फिक्स्ड ब्रिजच्या गिटारला नंतर ट्रेमोलो बसवायचा तर लाकूड कोरावं लागतं, आणि ते काम मी तरी कुणालाही करू देणार नाही.

स्वस्तातल्या गिटारवर फ्लॉइड रोझची नक्कल असेल तर ती घेऊ नका. धातू मऊ असतो, टेकायची धार झिजते, आणि मग कितीही जुळवली तरी दांडी परत जागेवर येत नाही. फ्लॉइड रोझ लागतो असं संगीत वाजवायचंच असेल तर चांगल्या ब्रिजचे पैसे साठेपर्यंत थांबा. रोज हेवी मेटलच्या रिफ (पुन्हापुन्हा येणारे तुकडे) वाजवणार आणि दांडी वर्षातून दोनदा दाबणार, तर सरळ फिक्स्ड घ्या.

जुनी गिटार बघायला जाणार असाल तर स्क्रूड्रायव्हर खिशात असू द्या. मागचं झाकण काढून स्प्रिंगा आणि पंजाचे स्क्रू बघा. आपल्या पावसात ते गंजतात, आणि डोकं झिजलेला स्क्रू फिरवता येत नाही. मग दांडी खोल दाबून सोडा आणि ट्यूनर लावा. विकणारा म्हणाला, "दांडी दाबू नका, ट्यूनिंग जातं", तर ती गिटार फिक्स्ड ब्रिजची समजून किंमत करा.