वजन उतरवायचं हर्बल औषध: माझे 18,748 गेले, तुमचे वाचवा

मोबाईलवरच्या त्या जाहिराती सगळ्यांनाच माहिती आहेत, आधीचं पोट, नंतरचं पोट, मागं हिरवी पानं. त्यातलीच एक. माझं वजन 104, मोंढ्यात आडत दुकान, दिवसभर गादीवर बैठक, घरात शुगर, डॉक्टर सारखे मागं लागलेले. म्हणून नंबर टाकला. हसणाऱ्यांनी हसावं.

आधी 3,499, पार्सल आल्यावर रोख. मग 'डॉक्टर मॅडम'चा फोन, दादा तुमची चरबी जुनी आहे, पूर्ण कोर्सच लागेल, 8,999. मग लिव्हर साफ करायचं किट 6,250, नाहीतर आधीचा डोस उलटतो म्हणे. हे दोन्ही पैसे कुण्या भलत्याच माणसाच्या नावावर गेले, कंपनीच्या नाही. पैसे पाठवताना स्क्रीनवर नाव येतं ते वाचत जा रे बाबांनो.

डबीवर गार्सिनिया कंबोजिया, म्हणजे मलबार चिंच. आपल्या कोकमाची सख्खी बहीण! तिच्यातलं हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल आमसुलात पण असतं. 1998 लाच अमेरिकेत 135 लोकांवर 12 आठवडे चाचणी झाली, औषधवाल्यांचं वजन खोट्या गोळीवाल्यांपेक्षा काही जास्त उतरलं नाही. हे फार्मसी शिकणाऱ्या पुतण्यानं नंतर दाखवलं. आधी का नाही बोलला, तर तुम्ही विचारलंच नाही काका. बरं.

पण खरी चीड येते ती त्या डबीची. स्टिकरचा कोपरा उचकटलेला होता, खाली दुसऱ्याच नावाचं लेबल दिसत होतं, आणि मी काय केलं, तर अंगठ्यानं दाबून तो कोपरा परत चिकटवला! बॅच नंबर नाही, लायसन नंबर नाही, नुसतं शंभर टक्के नॅचरल. सोयाबीनचा दाणा दाताखाली धरून ओलावा सांगणारा माणूस मी. पण पार्सलवाला पैशाला उभा, हमाल दारात, ऐन सीझन, कोण डबी वाचत बसतंय सांगा.

गोळ्या सुरू केल्या अन् भूक गायब, भाकरी बघवेना, मला वाटलं लागू पडलं. मग झोप उडाली, छाती धडधडायला लागली, बीपी 160/100. डॉक्टर लई भडकले, म्हणले झाडपाल्यानं अशी भूक मरत नसते, यात सिबुट्रामिन असायची शक्यता आहे, हार्टच्या धोक्यामुळं 2011 ला भारतात बंद झालेली गोळी, हर्बलच्या नावाखाली मिसळतात. भूक एकदम मेली की गोळी त्याच दिवशी बंद करा, खुश होऊ नका.

आता तक्रारीचं ऐका. ठाण्यात म्हणले पैसे तुम्हीच पाठवले ना, मग चोरी कसली, जिल्ह्याला सायबरला जा. सायबरवाले म्हणले उशीर झाला, पैसे पुढं गेले. औषधाच्या ऑफिसात साहेब मीटिंगला, खालचा क्लार्क म्हणतो पत्ता परराज्यातला, आमच्या हातात नाही. उरलेल्या गोळ्या तरी तपासा म्हणलं तर म्हणे अर्ज ठेवून जा. अहो लठ्ठपणा बरा करतो अशी जाहिरात करायलाच 1954 च्या कायद्यानं बंदी आहे, हे मी आडत्यानं त्याला सांगावं? अर्जावर शिक्का मारायला पण मला चकरा. म्हणून सांगतो, पैसे गेले की त्याच तासाला 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा फोन नंबर लावा, ठाण्याची वाट बघू नका, डबी अन् पार्सलचा कागद टाकून देऊ नका.

परवा परत फोन आला, तुमचा रिफंड मंजूर झालाय, फक्त 999 प्रोसेसिंग भरा. तो नंबर ठाण्यात नेऊन दिला, हवालदारानं वर्तमानपत्राच्या कडेला लिहून घेतला.