डेम्पस्टर हायवे, मागे ट्रेलर लावून: रस्त्याला तीन तारे, फेरीबोटीला पाच

कॅनडाच्या यूकॉनमध्ये डॉसन सिटीच्या ४० किलोमीटर अलीकडे डेम्पस्टरचा फाटा लागतो. तिथून आर्क्टिकमधल्या इनुविक गावापर्यंत ७३६ किलोमीटर. १९७९ साली खुला झालेला हा रस्ता टोकांजवळचा थोडा डांबरी भाग सोडला तर आजही खडीचाच आहे. कॅलगरी-एडमंटनहून भाड्याचा ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेऊन जायचा बेत असेल तर आधी करारनामा वाचा. अनेक करारांत खडीच्या रस्त्याला मनाई असते, काहींत तर डेम्पस्टरचं नाव घेऊन. म्हणून हा परीक्षणाचा खटाटोप स्वतःचा १८ ते २४ फुटी ट्रेलर असलेल्यांसाठी.

रस्ता वाईट नाही, लहरी आहे. कोरड्या दिवशी नुकता रस्ता सपाट करणारा ग्रेडर फिरलेला असेल तर मोकळी गाडी ८० ने जाते. ट्रेलर असेल तर ५०-६० च्या वर जाऊ नये. धूळ बसावी म्हणून कॅल्शियम क्लोराइड मारतात. पाऊस पडला की हाच थर साबणासारखा निसरडा होतो. खालची जमीन कायम गोठलेली आहे आणि ती वितळू नये म्हणून रस्ता १.२ ते २.४ मीटर जाडीच्या खडीच्या बांधावर उचललेला आहे. त्यामुळे कडा मऊ आणि उतार सरळ खाली. समोरून ट्रक आला म्हणून घाबरून कडेला दाबलं की ट्रेलरचं उजवं चाक रुततं आणि मागोमाग सगळं खाली ओढलं जातं. ट्रक दिसताच वेग कमी करा, पण कडेच्या मऊ खडीवर न जाता आपल्या बाजूची घट्ट खडी धरून राहा. काच वाचते तीही वेग कमी केल्यानेच.

टायरचे शत्रू म्हणजे पाटीसारख्या धारदार कपच्या. जास्त वजन पेलणारे लोड रेंज 'ई'चे टायर लावा आणि एक नव्हे, दोन स्टेपन्या घ्या. ८० पीएसआयची हवा ६५-७० वर आणली तर टायर दगडावरून दबून जातो, कापला जात नाही. मात्र ट्रेलरचं वजन करून टायरच्या तक्त्याशी ताडून पाहिल्याशिवाय हवा सोडू नका. कमी हवेत वेग वाढवला तर टायर तापून फुटतो. कॉम्प्रेसर आणि पंक्चरचं सामान हाताशी हवं. चाक बदललं की ८० किलोमीटरवर नट पुन्हा टॉर्क पान्याने आवळायचे, हे बहुतेक जण विसरतात.

खरं नुकसान मात्र ट्रेलरच्या पोटाखाली होतं. ॲक्सलजवळून जाणारी ब्रेकची वायर उघडी असते. खडीचा मारा बसून ती तुटते आणि ट्रेलरचे ब्रेक गेल्याचं चढ-उतारावर कळतं. चिरलेला रबरी पाइप तिच्यावर चढवून दर वीतभर अंतरावर झिप टाय मारला की काम होतं. पाणी सोडायची प्लास्टिकची तोटी खाली लोंबत असेल तर ती हमखास उडते. स्प्रिंगचे पाटे जोडणाऱ्या कड्यांमधले (शॅकल) प्लास्टिकचे बुश खडखडाटात झिजून भोकं लांबट होतात. निघण्याआधी पितळी बुश आणि ग्रीस भरता येणारे बोल्ट बसवणं ही या प्रवासातली सर्वांत शहाणी खरेदी. पुढच्या भिंतीला प्लायवूड किंवा पोकळ प्लास्टिक शीट, गाडीच्या मागच्या चाकांना रुंद मडफ्लॅप. फ्रिजच्या दाराला पट्टा बांधा, नाहीतर संध्याकाळी दही जमिनीवर सापडेल.

धुळीबद्दल एक खाचखळगा: ट्रेलरमागे हवेचा दाब कमी होतो आणि मागच्या सामानाच्या दारातून धूळ आत ओढली जाते. दाराच्या फटींना टेप लावा. फ्रिजच्या बाहेरच्या जाळीलाही लावायचा असेल तर आधी फ्रिज आणि गॅसचा सिलिंडर दोन्ही बंद. जळलेला वायू तिथूनच बाहेर पडतो.

घर्षणावर चालणारा डोलरोधक बार खडीवर सैल करा किंवा काढून ठेवा. गाडीतून ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या ब्रेक कंट्रोलरची ताकदही घटवा, नाहीतर चाकं अडकून ट्रेलर मागून आडवा येतो.

डॉसनला टाकी भरली की ईगल प्लेन्सपर्यंत ४०९ किलोमीटर. ट्रेलर ओढताना १०० किलोमीटरला २५ लिटर धरले तरी शंभरेक लिटर लागतात. २० लिटरचे दोन कॅन असू द्या. फाट्यापासून ३६९ व्या किलोमीटरवरच्या या मुक्कामात इंधन, खोल्या, जेवण, ट्रेलर उभा करायला जागा आणि टायर दुरुस्ती मिळते. इंधन महाग आहे, पण पुढचं फोर्ट मॅकफर्सनला, साधारण १८० किलोमीटरवर. घासाघीस करायची ही जागा नव्हे. मोबाइलला रेंज नाही. पुढे डोंगरांत 'हरिकेन ॲली' नावाचा वाऱ्याचा पट्टा लागतो. उंच ट्रेलरवाल्यांनी निघण्याआधी वाऱ्याची चौकशी करावी. वाटेत मध्येच रुंद होणारा सरळ रस्ता दिसला तर तिथे चहाला थांबू नका. असे काही तुकडे विमानाच्या धावपट्ट्या आहेत.

यूकॉनची सीमा ओलांडली की किलोमीटरच्या पाट्या पुन्हा शून्यापासून सुरू होतात. नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये दोन नद्या, पील आणि मॅकेन्झी, दोन्हींवर उन्हाळ्यात फेरीबोट, आणि दोन्ही फुकट. सेवा चोख. उतरणीचा धक्का मात्र सिमेंटचा नसतो. पाणी वर-खाली होईल तसा खडी ढकलून रोज नवा केला जातो. गाडीचं नाक खाली, ट्रेलरची शेपटी वर, आणि उतरल्यावर नेमकं उलट. तेव्हा मागचा बंपर, सांडपाण्याचा पाइप आणि टेकूचे जॅक घासतात. शक्यतो खालचं सगळं आधीच वर बांधा, वजन वाटणाऱ्या हिचचे (गाडी-ट्रेलरच्या जोडणीचे) बार सोडवा आणि चाकाखाली घालायला दोन जाड फळ्या ठेवा. बोटीवरचा माणूस हात करेल तसंच आणि चालण्याच्या वेगाने. बर्फ धरायच्या आणि फुटायच्या दिवसांत बोटही नसते आणि हिवाळ्यातला बर्फावरचा रस्ताही नसतो, म्हणून तारखा पाहूनच बेत ठरवा.

फक्त आर्क्टिक वृत्ताच्या पाटीशी फोटो हवा असेल (४०५ वा किलोमीटर), तर ट्रेलर टूम्बस्टोन पार्कच्या ७२ व्या किलोमीटरवरच्या कॅम्पग्राउंडवर सोडून नुसत्या गाडीने जा, तंबू बरोबर घ्या. टायर निम्मे वाचतील.

परतल्यावर पहिलं काम धुण्याचं. वाळलेला क्लोराइडचा चिखल सिमेंटसारखा धरतो आणि ओल मिळाली की लोखंड खातो. ब्रेक ड्रमच्या मागची बाजू, पाटे आणि गाडीतून ट्रेलरला वीज देणारा सात पिनचा प्लग यांवर दाबाचं पाणी मारा. प्लग वाळला की आत डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस भरा.