कॅरिबियन बेटं: सकाळी सातला रस्त्यावर गरम खायला कुठे मिळतं?

डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुंता कानाच्या एका रिसॉर्टने न खाता येणाऱ्या नाश्त्याचे पैसे लावले होते, ते अखेर परत आले, तेही निम्मेच. हिवाळ्यात सुरू झालेलं ई-मेलचं गुऱ्हाळ उन्हाळा लागेपर्यंत चाललं. आता तो विषय संपलाय, तर कॅरिबियनबद्दल लिहायचं राहून गेलं होतं ते लिहून टाकतो.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. थंडी अंगावर यायला लागली की चार-पाच तासांच्या विमानाने दक्षिण गाठायची, असं काही वर्षं चाललंय. बरोबर बायको, दोन मुलं, आणि भारतातून आली असेल तर आई. मी रत्नागिरीचा, मला मासे हवेत. आई आणि बायको पूर्ण शाकाहारी. बजेट मध्यम. निळं पाणी, पांढरी वाळू, नारळ याबद्दल तुम्ही भरपूर वाचलं असेल, त्यात मी भर घालत नाही. मी बेट एकाच गोष्टीवर जोखतो: सकाळी सातला राहत्या जागेतून बाहेर पडलं तर रस्त्यावर गरम, ताजं, तिथले लोक कामाला जाताना खातात तेच खायला मिळतं का? मिळत असेल तर माणसं भेटतात, बोलणं होतं, पैसे वाचतात आणि दिवस लवकर हाताशी येतो. मिळत नसेल तर आठवडाभर हॉटेलच्या बुफेच्या वेळापत्रकावर जगावं लागतं.

पुंता कानात नेमकं तेच झालं. सगळं समाविष्ट, मनगटाला पट्टा, पैसे आगाऊ भरलेले. परतीच्या दिवशी विमानतळाची गाडी पावणेसातला, आणि नाश्त्याचा हॉल उघडतो साडेसातला. आईला मधुमेह आहे, सकाळची गोळी घेतली की तिला खावंच लागतं. आदल्या संध्याकाळी काउंटरवर जाऊन सांगितलं, ब्रेड, केळी, काहीही बांधून द्या. हो म्हणाले. सकाळी खोके आले, प्रत्येकात हॅमचं सँडविच. शाकाहारी असल्याचं बुकिंगमध्ये लिहिलेलं होतं. बदलून मागितलं तर म्हणे किचन बंद. आईने पर्समधल्या राजगिऱ्याच्या वड्या खाल्ल्या. आणि चेकआउटच्या बिलात त्या खोक्यांचे माणशी पैसे लावलेले, वर 18 टक्के कर आणि 10 टक्के सेवाशुल्क! हे दोन्ही आकार डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये कायदेशीर आहेत, हॉटेलांच्या बिलात ते येतातच, त्याबद्दल तक्रार नाही. पण सगळं समाविष्ट म्हणून विकलेल्या मुक्कामात न खाता येणाऱ्या नाश्त्याचे वेगळे पैसे? रक्कम मोठी नव्हती. तरी मी ती सोडली नाही, कारण सत्तरी ओलांडलेल्या बाईला गोळी घेऊन उपाशी गाडीत बसवलं होतं.

यावरून मी तो देशच यादीतून काढून टाकणार होतो. पण त्याच आठवड्यातली एक सकाळ आड येते. रिसॉर्टमध्ये जीव गुदमरला म्हणून आम्ही स्थानिक बसने इग्वेला गेलो. तिकडे या बसला ग्वाग्वा म्हणतात. इग्वे हे पुंता कानाच्या आतल्या बाजूचं मोठं गाव, तिथली बासिलिका देशभर प्रसिद्ध. बाजाराजवळच्या एका खानावळीत मांगू मिळालं: कच्ची केळी उकडून लोण्यात घोटलेली, वर व्हिनेगरमध्ये मुरवलेला लाल कांदा, बाजूला तळलेलं चीज. सलामी (मांसाचे काप) नको, अंडं नको, हे आम्ही खुणांनी सांगितलं. मालकिणीने आईकडे एकदा पाहिलं आणि चीजचे दोन तुकडे जास्त वाढले. आईने ताटली पुसून खाल्ली. तेव्हा देश उत्तम आहे, राहायची जागा बदला. राजधानी सांतो दोमिंगो किंवा एखादं लहान गाव धरा, पट्टेवालं रिसॉर्ट नको.

आता त्रिनिदाद. लोक त्याला सुट्टीचं बेट धरत नाहीत, आणि पश्चिम किनाऱ्यावरचं पाणी पाहून ते खरंही वाटतं. तेल-वायूवर चालणारा देश, राजधानी पोर्ट ऑफ स्पेनची बरीच हॉटेलं धंद्यासाठी येणाऱ्यांची. पण माझ्या सकाळच्या परीक्षेत त्रिनिदादच्या जवळपासही कोणी येत नाही, कारण तिथे डबल्स आहे.

मैद्याच्या पिठात हळद घालून, फुगवून तळलेल्या दोन मऊ पुऱ्या (तिकडे त्यांना 'बारा' म्हणतात), त्यावर रसदार छोले, हे तुम्हाला माहीत असेल. पण तो बनताना बघा. क्युरेपच्या नाक्यावर सकाळी सहाला गाडीभोवती गर्दी असते: शाळेची मुलं, पोलीस, गाडी तशीच सुरू ठेवून उतरलेले ऑफिसवाले. विक्रेता फडक्याखालून वाफाळलेले दोन 'बारा' काढून मेणकागदावर थोडे एकावर एक येतील असे पसरतो, चमच्याने छोले ओततो, काकडीचा कीस, चिंचेची चटणी, कच्च्या आंब्याचं कुचेला, शाडो बेनी या कोथिंबिरीसारख्या पाल्याची हिरवी चटणी. मान वर न करता एवढंच विचारतो, तिखट किती? नवख्यांनी 'स्लाइट' म्हणावं. तिथली मिरची आपल्या लवंगीला मागे टाकते. उभ्याने खायचं, रस कोपरापर्यंत येतो. पैसे आधी देत नाहीत. पोट भरलं की किती खाल्ले ते आपण सांगायचं आणि तेवढेच द्यायचे, तो शब्दावर विश्वास ठेवतो. मी गेलो तेव्हा एक साधारण अमेरिकी डॉलरला पडत होता. माझ्यासारख्या खाणाऱ्याचाही नाश्ता तीन डॉलरांत होतो, आणि त्यात मांस-मासळीचा कण नसतो. आई आणि बायको निर्धास्त. नऊ-दहानंतर मात्र पातेली रिकामी होऊ लागतात.

ज्या घरात आम्ही खोल्या घेतल्या होत्या तिथल्या आंटी (त्रिनिदादमध्ये वडीलधाऱ्या बाईला सगळे आंटीच म्हणतात) एका सकाळी म्हणाल्या, आज बाहेर जायचं नाही. त्यांनी तव्यावर जाड सादा रोटी टाकली आणि गॅसवर वांगी भाजून चोका, म्हणजे भरीत, केला. आई त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. वांग्याला चिरा देऊन आत लसणीच्या पाकळ्या खोचायच्या, साल काढून घोटायचं, शेवटी कडकडीत तेलात कांदा-लसूण परतून वर ओतायचा. आईला इंग्रजी बेताचं, आंटींना हिंदी येत नाही. त्यांचे पूर्वज भोजपुरी मुलखातून उसाच्या मळ्यांवर करारावर आलेले. 30 मे 1845 रोजी 'फतेल रझाक' जहाज पहिले मजूर घेऊन तिथे लागलं, ती तारीख आज देशाची सुट्टी आहे. दोघी तासभर स्वयंपाकघरात होत्या. शेंगदाण्याचं कूट का घालत नाही, हे आईने हातवाऱ्यांनी विचारलं आणि दुसऱ्या दिवशी करून दाखवलं. अशी ओळख कुठल्या बुफेत होणार?

आणि क्रिकेट. डबल्सच्या गाडीपाशी एका पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी आम्ही कुठले ते विचारलं. मुंबईच्या बाजूचे म्हटल्यावर त्यांनी पहिलं नाव घेतलं गावसकर. 1971 चं पदार्पण तिथल्याच क्वीन्स पार्क ओव्हलवर, आणि त्याच मैदानावर शेवटच्या कसोटीत 124 आणि 220. मालिकेत 774 धावा. मग त्यांनी स्वतःहून सरदेसाईंचं नाव काढलं. मडगावच्या दिलीप सरदेसाईंच्या त्या मालिकेतल्या 642 धावा आपल्याकडेही कितीजणांच्या लक्षात आहेत?

शाकाहाऱ्यांसाठी दुपारही सोपी. बस-अप-शट म्हणजे तव्यावर चुरगाळून मोकळा केलेला पराठा, बरोबर छोले-बटाटा, भोपळा, बोडी म्हणजे चवळीच्या लांब शेंगा, आंब्याची भाजी. दक्षिणेत डेबेला फुलोरी आणि सहीना या भज्यांसाठी मुद्दाम जा. वाटेत कारापिचैमाची 85 फुटी हनुमानाची मूर्ती आणि वॉटरलूचं समुद्रातलं देऊळ बघून होतं. ऊस कंपनीच्या जमिनीवर बांधलेलं देऊळ पाडलं आणि तुरुंगातही टाकलं, म्हणून सिवदास साधू नावाच्या मजुराने समुद्रातच दगड-मातीची भर टाकून पुन्हा बांधायला घेतलं, तीच ही जागा. माझ्यासाठी मराकास बीचवर बेक नावाच्या तळलेल्या पावात शार्क होता. समुद्रच हवा असेल तर याच देशाचं दुसरं बेट टोबॅगो वीसेक मिनिटांच्या विमानावर. स्टोअर बेला खेकडा आणि डंपलिंग खाल्लं, ते गावच्या चवीच्या जवळ जातं.

उणी बाजूही सांगतो. गुन्हेगारी आहे. 2024 च्या डिसेंबरअखेरीस तिथे आणीबाणी जाहीर झाली होती. पोर्ट ऑफ स्पेनमध्ये रात्री चालत फिरू नका, घरमालकाने सांगितलेलीच टॅक्सी घ्या. सकाळी सहाला नाक्यावर मला कधी भीती वाटली नाही, रात्री नऊला वाटली.

बार्बाडोसबद्दल माझं मत दोनदा बदललं. पहिल्यांदा वाटलं, केवढं महाग! पश्चिम किनाऱ्यावर साध्या जेवणाचं बिल पाहून बायकोने मेनू मिटूनच ठेवला. नंतर आम्ही दक्षिणेला ऑइस्टिन्सच्या बाजूला राहिलो आणि बस धरली. साडेतीन बार्बाडियन डॉलर, म्हणजे पावणेदोन अमेरिकी, कुठेही उतरा. सकाळी ब्रिजटाउनच्या बसस्टँडजवळ 'ब्रेड अँड टू' मिळतो, सॉल्ट ब्रेडमध्ये दोन गरम फिशकेक, वर मोहरीचा पिवळाजर्द तिखट सॉस. मला फार आवडला, पण बायकोला त्यात काही नाही, ती मॅकरोनी पायवर दिवस काढते. शुक्रवारी रात्री ऑइस्टिन्सला भाजलेला मार्लिन मासा नक्की खा. माणसं आधी जरा अंतर राखून, शिष्टाचाराने. एकदा 'गुड मॉर्निंग' झालं की मोकळी. आणि 29 जून 2024 नंतर भारतीय चेहरा दिसला की टॅक्सीवाला केन्सिंग्टन ओव्हलवरची टी-20 विश्वचषकाची फायनल आणि सूर्यकुमारचा झेल काढतोच. माझी शिफारस: लहान मुलं असतील आणि सुरक्षित, नीट चालणारं बेट हवं असेल तर हेच. फक्त पूर्व किनाऱ्यावर वसंतापासून सारगॅसम शेवाळ येऊन कुजतं, मुक्काम पश्चिमेला किंवा दक्षिणेला ठेवा.

जमैकात माँटेगो बेच्या पर्यटक पट्ट्यात दर दहा पावलांवर कोणी तरी काही तरी विकायला येतं. मुलं वैतागली, मीही. पोर्ट अँटोनिओला गेल्यावर चित्र पालटलं. सकाळी बाजारात दाण्यांची किंवा मक्याची पेज कपात मिळते, दाट, जायफळ घातलेली, आईच्या दातांनाही सोपी. रास्ताफारी पंथाच्या लोकांचं इटाल जेवण जवळपास पूर्ण शाकाहारी असतं, पण मीठ नसतं किंवा अगदी कमी. खिशात मिठाची पुडी ठेवा. ॲकी हे फळ खाऱ्या माशाबरोबर शिजवतात, तो तिथला राष्ट्रीय पदार्थ; सांगितलं तर माशाशिवायही करून देतात. हे फळ झाडावर आपोआप उकलल्याशिवाय विषारी असतं, त्यामुळे परसातलं कच्चं तोडून बघायचा उद्योग करू नका. बॉस्टन बेचं जर्क, म्हणजे तिखट मसाला लावलेलं, चिकन पिमेंटोच्या लाकडावर भाजलेलं असतं, ते खाल्ल्यावर न्यू जर्सीतलं जर्क मागवणं मी बंद केलं.

ग्वादलूप थोडक्यात. फ्रान्सच तो, युरो चालतो. बेकरी पहाटे उघडते, पाव अप्रतिम. मेनूवर लिहिलेली किंमत हीच शेवटची, कर आणि सेवा त्यातच. पुंता कानानंतर हे वाचूनच बरं वाटलं. दुकानात शिरताच 'बाँझूर' म्हणा, नाही तर समोरचा चेहरा पाडतो. फ्रेंच न येणाऱ्या शाकाहाऱ्याचे मात्र हाल आहेत. साधी दिसणारी भजी, आक्रा, बहुतेक वेळा कॉड माशाची निघते. भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा चालेल असं धरून निघू नका, हा भाग शेंगेनमध्ये नाही.

ग्रेनाडा मला हळूहळू आवडत गेलं. सकाळी बेक आणि कोको टी, त्यात दालचिनी-जायफळ तिथल्याच मातीतलं. गुयावच्या जायफळ केंद्रात बायका हाताने जायफळ निवडताना दिसतात. 2004 च्या आयव्हन वादळाने तिथल्या बागा झोपवल्या, आणि जायफळाचं झाड फळायला वर्षं घेतं. राजधानी सेंट जॉर्जेसहून एक नंबरची व्हॅन ग्राँ आन्स बीचला जाते, उतरायचं असलं की गाडीच्या पत्र्यावर टकटक करायची. मुलांनी हे पहिल्याच दिवशी आत्मसात केलं. जुलै 2024 च्या बेरिल वादळाचा तडाखा ग्रेनाडाच्याच कारियाकू बेटाला बसला, तिकडे जायचं असेल तर राहण्याची सोय आधी फोनवरून पक्की करा.

यंदा आई येणार आहे, म्हणून डिसेंबरात त्रिनिदाद आणि मग टोबॅगो ठरलंय. कार्निव्हल मुद्दाम टाळला. त्रिनिदादचा हा मोठा उत्सव ॲश वेन्सडेच्या (ख्रिस्ती उपवासाचा काळ सुरू होतो तो बुधवार) आधीच्या सोमवार-मंगळवारी असतो. त्या आठवड्यात खोल्यांचे भाव कित्येक पट होतात आणि आईला ती गर्दी झेपायची नाही. ज्यांना कार्निव्हलच बघायचाय त्यांनी घर सहा महिने आधी धरावं, आणि घरमालकिणीला पहिल्याच फोनवर विचारावं की सकाळी डबल्सची गाडी किती अंतरावर लागते.