फोंडा बाजारातलं पेटीचं दुकान: डोक्याला मार लागलेल्या माणसासाठी पेटी घ्यायची असेल तर इथे जा

गोव्यातल्या फोंड्याचं दुकान, पेटी (हार्मोनियम) रिपेरिंग आणि सेकंडहँड पेट्या, शिवाय तबले, पखवाज, घुमटं पण असतात (घुमट म्हणजे आपलं मातीच्या मडक्याचं चर्मवाद्य, ती बकऱ्याच्या कातड्याची, घोरपडीची बंद झाली ते चांगलंच झालं). दुकान वरच्या मजल्यावर, जिना अरुंद, कार्ड चालत नाही पण जीपे चालतं.

आम्ही गेलो ते माझ्या धाकट्या दिरांसाठी. बोरीच्या पुलाकडे त्यांची स्कूटर घसरली, डोकं डाव्या बाजूने आपटलं, बांबोळीच्या हॉस्पिटलात बरेच दिवस होते, घरी आले तेव्हा ओळखीच्या माणसांची नावं आठवेनात आणि मिक्सर लावला तरी कान दाबून धरायचे. आणि हाच माणूस, ज्यांच्या हातातली झांज आम्ही चतुर्थीच्या आरतीला काढून घ्यायचो इतका बेताल, त्यांनी शेजाऱ्यांच्या पेटीवर भजनात ऐकलेला अभंग एका बोटाने शोधला, मग दोन बोटांनी, आणि संध्याकाळपर्यंत सलग वाजवत होते. पेटी ह्याआधी कधी उघडली पण नव्हती हो त्यांनी.

असं जगात अगदी थोड्या लोकांचं होतं, पण होतं. अमेरिकेत डेरेक अमाटो म्हणून आहेत, 2006 साली स्विमिंग पूलच्या उथळ बाजूला सूर मारला, डोकं आपटलं आणि नंतर न शिकता पियानो वाजवायला लागले, एका कानाचं ऐकणं मात्र बरंच गेलं. टोनी सिकोरिया तर हाडांचे डॉक्टर, 1994 मध्ये फोन करताना वीज पडली आणि मग पियानोचं वेड लागलं. डॅरोल्ड ट्रेफर्ट नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी जन्मभर अशाच लोकांचा अभ्यास केला. एक समजूत अशी आहे की मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली की त्याचा उजव्या भागावरचा दाब सैल होतो आणि आत दडलेलं काहीतरी वर येतं. आमच्या डॉक्टरांनी पण साधारण हेच सांगितलं, आणि वाजवू दे पण थकू देऊ नका म्हणाले.

आधी दुसऱ्या एका मोठ्या दुकानात गेलो होतो. अपघातानंतर वाजवायला लागले हे ऐकल्याबरोबर तिथले लोक मोबाईल काढून व्हिडिओ करूया म्हणाले आणि सगळ्यात महाग स्केलचेंजर (पट्ट्या सरकवून स्केल बदलता येते ती पेटी) पुढे ठेवली. भावजी घामाघूम, बाहेर येऊन पायरीवर बसले. राग येतो मला अजून.

फोंड्याच्या काकांनी पहिल्यांदा काय केलं तर आतल्या पोराला तबला ठोकायचा बंद करायला सांगितलं. मग पंखा कमी केला, एक जुनी पेटी दिली आणि बाजूला आपलं भात्याचं काम करत बसले, एक प्रश्न नाही. भावजी एकेक पट्टी दाबत गेले आणि मधेच म्हणाले, “काका, ही खाली आहे.” काकांनी ट्यूनर लावला तर खरंच सूर किंचित उतरलेला! तिथल्या तिथे पेटी उघडून दाखवली, पितळी सुराची जीभ टोकाला घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. भावजींचा चेहरा तेव्हा बघायला पाहिजे होता, अपघातानंतर इतकं लक्ष देऊन कुणाचं बोलणं ऐकताना मी त्यांना पाहिलंच नव्हतं. पट्ट्यांची नावं पण तिथेच शिकले, आणि आता घरी मला सांगतात, “वहिनी, आपला फ्रिज पांढरी पाच आणि काळी चारच्या मधे गुणगुणतो.”

काकांनी डबल रीड (एका पट्टीला दोन सूर असलेली पेटी) विकली नाही, सिंगलच घ्या म्हणाले, आवाज कमी, डोकं दुखणार नाही, पैसेही नव्या पेटीपेक्षा कितीतरी कमी. डोकेदुखी अजून आहे, नावं अजून विसरतात, पेटी आली म्हणून ते गेलं असं कुणी समजू नका. पण दिवसात एक तास तरी घरात स्वतःचं असं काहीतरी आहे त्यांना. तुळशीदास बोरकर बुवा आमच्या बोरीचेच, पेटीवाले म्हणून पद्मश्री मिळालेले, तर काका म्हणाले त्यांची रेकॉर्डिंग ऐकत जा, घाई करू नका, बोटं कशी ठेवायची ते नंतर कोणाकडून तरी शिकून घ्या.

पावसात आपल्याकडे पट्ट्या फुगून अडकतात, सुरांना गंज चढतो, त्यासाठी पेटीत ठेवायला ओल शोषणाऱ्या पुड्या दिल्या आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आत दमट राहतं म्हणून बजावलं. आमची एक पट्टी अडकली तेव्हा फोनवरच सांगितलं काय करायचं ते, पैसे घेतले नाहीत.

कमी काय तर रिपेरिंगला वेळ लावतात, चतुर्थीच्या आधी तर भजनी मंडळांच्या पेट्यांचा ढीग असतो, तेव्हा जाऊच नका. आणि आजारी माणसाला नेणार असाल तर आधी फोन करून दुपारी जा, बाजार तेव्हा शांत असतो, जिना चढताना मात्र मागे कोणीतरी राहा. माझ्याकडून पाच स्टार.