सरकारी दवाखान्यातली शुगरची खोली: ५ पैकी ४ स्टार

परभणीकडचे आहोत आम्ही. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बीपी-शुगरची वेगळी खोली आहे, एनसीडी म्हणतात तिला, तिथल्या सिस्टरमुळं हा रिव्ह्यू लिहायलोय.

आई ६१ वर्षांची, दोन वर्षं झाली इन्सुलिनवर. आधी शहरात एका मोठ्या दवाखान्यात दाखवायचो, दर खेपेला फी भरायची, डोस वाढवून घ्यायचा आणि "गोड बंद" एवढं ऐकून यायचं. तरी शुगर कधी २८० कधी ७०. आम्हाला वाटायचं आई गुपचूप साखरेचा चहा पितीय, त्यावरून घरात लई भांडणं झाली.

सिस्टरनी फाईल बाजूला ठेवली आणि म्हणल्या, "मावशी, सुई कशी घेता दाखवा बरं." आईनं बेंबीच्या उजवीकडं बोट ठेवलं, रोजची तीच जागा, तिथं दुखत नाही म्हणून. सिस्टरनी दोन बोटांनी चाचपलं अन् माझापण हात तिथं लावला, कातडीखाली लिंबाएवढी मऊ गाठ! एकाच जागी टोचून टोचून होती म्हणे, आणि गाठीत घेतलेलं इन्सुलिन कधी लागतं कधी नाही. दोन वर्षांत कुणी पोटाला हात लावला नव्हता हो.

मग पोट, मांडी अशी जागा बदलत घ्यायला शिकवलं, चांगल्या जागी तेच औषध जोरात लागतं म्हणून शुगर वरचेवर तपासायला लावली आणि डॉक्टरांकडून डोसपण कमी करून घेतला. शुगर लई उतरून घाम, थरथर आली की ३ चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी परत तपासायचं. उन्हाळ्यात लाइट गेली तर इन्सुलिनची बाटली डब्यात बंद करून माठात, माठाभोवती ओली वाळू.

सगळ्यात आवडलं ते हे, की शेवटी म्हणल्या "आता तुम्ही मला सांगा". आईला वाचता येत नाही, पण तिनं सगळं म्हणून दाखवलं. भाकरीपाशी अडकली, ज्वारीची चालते म्हणून चार खायची ना ती, तेवढंच परत समजावलं, न चिडता.

एक स्टार कमी कारण सिस्टर एकट्याच आहेत आणि बाजाराच्या दिवशी बोलायलाच मिळत नाही, तपासायच्या पट्ट्यापण दोनदा संपलेल्या होत्या. अजून एक माणूस द्यायलाच पाहिजे तिथं.

जाताना इन्सुलिनची बाटली अन् सिरिंज सोबत न्या, त्या बघायला मागतात.