नाना पेठेतील गॅरेज: जुन्या पद्मिनीच्या ब्रेकचे अचूक निदान
कात्रज घाट उतरताना आमची प्रीमियर पद्मिनी मोटार डावीकडे ओढू लागली आणि पेडल सोडल्यावरही पुढचे डावे चाक जखडलेलेच राहू लागले. आधीच्या एका गॅरेजने ब्रेकचे लायनर (घर्षणाचे अस्तर) बदलूनही दोष कायम होता. नाना पेठेतील या छोट्या गॅरेजच्या मिस्त्रींनी मात्र प्रथम चाकाकडे ब्रेक ऑइल नेणाऱ्या रबरी होजच्या (नळीच्या) वरचा पाइपचा जोड सैल केला, तरी चाक सुटले नाही. चाकाजवळचा ब्लीडर (ऑइल बाहेर सोडण्याचा स्क्रू) उघडताच मात्र ते मोकळे फिरले, म्हणजे दाब होजमध्येच अडकत होता. बाहेरून धडधाकट दिसणारा होज आतून फुगला होता. दोन्ही होज बदलून, ओलावा शोषलेले जुने ऑइलही त्यांनी काढले. कामाला दोन दिवस लागले, पण अशी चिकित्सक तपासणी मला दुर्मीळ वाटते.