स्टिल ०७० आणि चायनीज किट: इंजिन पास, झाकण नापास

गेल्या पावसाआधी माझ्या जुन्या स्टिल ०७० कटरला (लाकूड तोडायच्या चेनसॉला) चायनीज पिस्टन-सिलेंडर किट बसवलं, आता शिमगा होऊन गेला. एवढ्या वापरानंतर लिहायला हरकत नाही.

०७० म्हटल्यावर कटरवाल्यांना जास्त सांगायला नको. १०६ सीसी, पॉइंटवालं (जुन्या पद्धतीचं इग्निशन), उचललं की कंबर आठवते. २०२१ च्या तौक्ते वादळात पडलेले आंबे-फणस याच मशीनने तोडले. पुढे ते सीज झालं, म्हणजे पिस्टन सिलेंडरमध्ये जाम झाला. मूळ सिलेंडरला आतून क्रोमचा थर असतो, त्यामुळे बुलेटसारखं बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकायची सोय नाही. नुसतं पिस्टनचं ॲल्युमिनियम चिकटलं असतं तर ॲसिडच्या बोळ्याने उतरवता आलं असतं. माझ्या सिलेंडरचा क्रोमच खरवडला गेला होता. नवीन ओरिजनल मिळेना, म्हणून किट.

किट उघडलं तेव्हा शिव्याच घातल्या. सिलेंडरच्या आत पोर्टच्या (मिश्रण आणि धूर ये-जा करायच्या खिडकीच्या) कडेवर नख फिरवलं तर नख अडकत होतं. तिथेच पिस्टनची रिंगही अडकणार आणि तुटणार. बारीक पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून एकेक कड मोडत बसलो. दुपार गेली, पण ते काम टाळू नका.

खरी गोम क्रँकच्या सीलमध्ये, म्हणजे क्रँकच्या दांड्याभोवतीच्या रबरी कड्यांमध्ये होती. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये दर फेऱ्याला दाब आणि ओढ आळीपाळीने तयार होते. सील गळकं असेल तर बाहेरची हवा आत येते आणि मिश्रण पातळ होतं. ऑइलही पेट्रोलमधूनच येत असल्यामुळे तेही कमी पडतं, आणि पिस्टन सायलेन्सरच्या बाजूने खरवडतो. म्हणजे सील न बघता नवीन पिस्टन टाकणं म्हणजे तोही घालवणं. इनटेक आणि एक्झॉस्टला ट्यूबचे रबर तुकडे आणि पट्ट्या लावून हातपंपाने अर्धा बार हवा भरली. काटा हलला नाही. मग पंप उलटा लावून हवा ओढली, तर काटा बघता बघता शून्यावर! फ्लायव्हीलच्या बाजूचं सील भरताना धरत होतं, ओढताना सोडत होतं. नुसती हवा भरून 'ओके' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

किटसोबत आलेले सील मी वापरलेच नाहीत. पंपावर आता ई-ट्वेंटी (वीस टक्के इथेनॉलवालं) पेट्रोल मिळतं, साध्या रबराचा भरवसा नाही. व्हर्नियरने माप घेऊन कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातून व्हायटॉनचे (पेट्रोलला टिकणाऱ्या रबराचे) सील आणले. कार्बोरेटरचे डायफ्रॅम बदलले, पॉइंटचा गॅप ०.४ मिमी ठेवला, कंडेन्सर जुन्या स्कूटरचा चालून गेला. मशीन दुसऱ्या ओढीला चालू. पावसाळाभर आकेशिया कापला, एकदाही कुरकुर नाही. त्यामुळे किटबद्दलचं माझं मत बदललं. कडा मोडायची तयारी असेल तर पैसे वसूल आहेत.

आता झाकण.

माझ्या टाकीच्या झाकणाचे आटे गेले होते. विक्रेत्याने किटसोबत एक नवं झाकण फुकट पाठवलं. मी खूश. थंडीत मोठ्या ओंडक्यांचं काम काढलं आणि मशीन दहा-पंधरा मिनिटं चालून मरायला लागलं. मरण्याआधी आवाज चढायचा, मग गप्प. थोडा वेळ ठेवलं की पुन्हा चालू. गॅरेजवाला म्हणाला, "दादा, कार्बोरेटर संपलाय, नवीन टाका." कार्बोरेटरला नुकतेच डायफ्रॅम टाकलेले! मशीन मेल्या मेल्या झाकण सैल केलं, तर 'सूंऽऽ' करून हवा आत गेली. झाकणाला श्वास घ्यायला वाटच नव्हती. पेट्रोल संपत जातं तशी टाकीत ओढ तयार होते आणि कार्बोरेटर उपाशी राहतो. झाकणात हवा आत सोडणारा पण पेट्रोल बाहेर न सोडणारा छोटा व्हॉल्व्ह हवा. यांनी तो जागच्या जागी नुसता कोरून ठेवलाय, भोकच नाही!

विक्रेत्याला व्हिडिओ पाठवला. उत्तर: "सर, ऑइल कोणतं टाकता?" लिटरला ४० मिली, टू-स्ट्रोकचं, आणि त्याचा झाकणाशी काय संबंध? दुसरं उत्तर: "फ्री आयटमला वॉरंटी नाही." हे मात्र खरं.

भोक पाडलं. मशीन आडवं धरलं की पेट्रोल थेट पँटवर, आणि तापलेला सायलेन्सर हातभर अंतरावर. सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब लावून बघितली, ती पेट्रोलने फुगून लोंबायला लागली. भोक एम-सीलने बुजवलं. सध्या दर थोड्या वेळाने मशीन बंद करून झाकण सैल करतो, सूं ऐकतो, पुन्हा आवळतो. मजूर हसतात.

एका भंगारवाल्याकडे मूळ झाकण आहे, सहाशे म्हणतो. माझे दोन्ही सील, डायफ्रॅम आणि कंडेन्सर मिळून तेवढे झाले नव्हते. झाकणाला सहाशे द्यायला हात धजत नाही. शेजारच्या वाडीत एका आजोबांच्या पडवीत ०७० गंजत पडलंय, झाकणासकट. ते मशीनही विकत नाहीत आणि नुसतं झाकणही काढू देत नाहीत. त्यांचा मुलगा मे महिन्यात मुंबईहून येतो, तेव्हा त्याला गाठणार आहे. दोनशेपर्यंत जायची तयारी आहे.